बाईसाहेब आणि नीलमोहर

१४ ऑक्टोबर

आज व्यवस्थापक स्वतः पंपघरात आले. एरवी ते दारातूनच बोलतात, कारण आत आलं की त्यांचे बूट ओले होतात. आज आत आले, उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, “मीटर, एक लिहायचं काम आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही.”

मला मीटर म्हणतात ते उंचीवरून नव्हे. या मत्स्यालयातल्या कुठल्याही टाकीचं तापमान, दाब, खारटपणा विचारा, मी वही न उघडता सांगतो. शाळा नववीत सुटली. पंप मी पंपांकडून शिकलो, पाणी पाण्याकडून, आणि भाषा शिकलो वाचनालयाने रद्दीत काढलेल्या ज्ञानकोशातून. त्याचा शेवटचा खंड तेवढा मिळाला नाही, म्हणून ‘ह’च्या पुढे मी जरा कच्चा आहे.

काम असं. मागच्या मोठ्या टाकीतलं पाणी रोज कमी होतंय. त्या टाकीच्या भिंतीला लागून अंगणात नीलमोहर उभा आहे. अभियंता आले, बाहेरून गिलावा ठोकून पाहिला, भिंतीला चिकटून गेलेलं मनगटाएवढं मूळ पाहिलं आणि निकाल देऊन मोकळे झाले : मुळांनी भिंत फोडली. आता एक तर झाड तोडायचं, नाहीतर टाकी बंद करून तिच्यातली झेब्रा शार्क दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मत्स्यालयाला देऊन टाकायची. २२ नोव्हेंबरला समिती ठरवणार. समितीत निम्मे झाडवाले, निम्मे माशावाले. त्यामुळे त्यांना कोणाचीही बाजू न घेणारं एक टिपण हवंय. शार्क आणि झाड यांची तुलना.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारणच काय?

एक कारण आहे म्हणा. इथली बाग आमची ही बघते. नीलमोहर तिच्या ताब्यात आणि शार्क माझ्या. जेवताना तिला सांगितलं.

“तुलना? मुशीची आणि झाडाची?” ती हसायला लागली. “उद्या म्हणाल, सासूबाईंची आणि मिक्सरची करतो.”

“शास्त्रीय तुलना आहे ती.”

“बरं. आणि जे हरेल त्याचं?”

“ते जाईल.”

मी घास घेतला आणि म्हटलं, “अळणी झालंय.” तिने मिठाची बाटली पुढे सरकवली. ती बाटली माझ्या ताटाशेजारी कायमची असते. हिचं म्हणणं, दिवसभर टाकीत हात घालून माझी जीभच खारवली आहे.

१५ ऑक्टोबर

पहिली बाजू लिहून काढली.

बाईसाहेब : जात झेब्रा शार्क. लांबी दोन मीटरच्या वर, त्यातली जवळजवळ निम्मी नुसती शेपूट. पिल्लू असताना अंगावर पट्टे असतात, म्हणून नाव झेब्रा. मोठी झाली की पट्टे मोडून ठिपके होतात, पण नाव तेच राहतं. (माणसांचंही असंच होतं. आमच्या गल्लीतला ‘बाळू’ साठीचा आहे.) तळाशी तासन् तास पडून राहते, तोंड प्रवाहाकडे करून. नाकाशी दोन आखूड मिशा. स्वभाव शांत. जेवण शिंपले आणि खेकडे. माणसात रस नाही.

टाकीचंही वर्णन करायला हवं, कारण घर पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही. टाकी काँक्रीटची, आतून फायबरचं अस्तर. आणि मागच्या भिंतीवर मी जूनमध्ये बसवलेली गुहा. ती मी स्वतः सिमेंटमध्ये घडवली, खऱ्या दगडासारखी रंगवली, आणि भिंतीत बारा बोल्ट घालून अशी पक्की बसवली की भूकंप झाला तर इमारत पडेल, गुहा राहील. प्रेक्षक काचेपाशी येऊन म्हणतात, “केवढा सुंदर खडक!” मी मागून ऐकत असतो.

बाईसाहेब अजून गुहेत गेलेल्या नाहीत. कधी कधी तिच्या कडेला अंग घासतात आणि पुढे जातात. नव्या घराची सवय व्हायला वेळ लागतो.

१८ ऑक्टोबर

दुसरी बाजू. न्याय म्हणजे न्याय, म्हणून झाडाकडे मी अनोळखी माणसासारखा गेलो. ही तिथेच होती, नळी घेऊन.

“कोण आपण?” तिने विचारलं.

“मी तुलनाकार.”

“या, बसा. पेशंट हा.”

नीलमोहर : उंची दुमजली घराच्या वर. पान पिसासारखं, बारीक पानांचं. थंडी सरता सरता सगळी पानं टाकतो आणि मग नागड्या फांद्यांवर निळी-जांभळी फुलं काढतो, म्हणजे नेसायच्या आधी दागिने घालण्याचा प्रकार. फुलं पडली की अंगणाची फरशी दिसत नाही, आणि ती माझ्या गाळण्यांत अडकतात ते वेगळंच. तेही टिपणात लिहिलं. लपवायचं कशाला?

भिंतीकडच्या फांद्यांच्या पानांचे शेंडे करपलेत. दुसरी बाजू हिरवीगार आहे.

“जूनपासून असं करतोय,” ती म्हणाली.

“वय झालं असेल.”

“एकाच बाजूचं वय होतं का कधी?”

तिने बुंध्यापाशी बोट खुपसलं, चिमूटभर माती काढली आणि चक्क जिभेवर ठेवली. हिची ही जुनी खोड आहे. तिला बाग शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं म्हणे, की माळ्याने माती चाखावी, डॉक्टरने नाडी बघावी.

“काय लागलं?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग थुंकून म्हणाली, “तुम्हीच चाखा.”

“माझ्याकडे उपकरणं आहेत,” मी म्हटलं. माणसाने काही पायरी सांभाळावी.

अंगणातलं गोडं पाणी ती गेले काही महिने नको तितकं वापरते आहे. सकाळ-संध्याकाळ नळी बुंध्याशी सोडून ठेवते, नेमकी भिंतीच्या बाजूला. मी बोललो तर म्हणाली, “तहान लागते त्याला.” बायकांचं लाडावणं. टिपणात लिहिलं : झाडाला पाणी फार लागतं.

२३ ऑक्टोबर

मीठवाल्याशी भांडण झालं.

टाकीसाठी समुद्री मिठाची पोती तो देतो. जूनपासून बघतोय, टाकीचा खारटपणा टिकत नाही. पाणी कमी झालं की मी नळाचं गोडं पाणी भरून पातळी पूर्ववत करतो, मग खारटपणा मोजतो, तर तो उतरलेला. पुन्हा मीठ घालायचं. पूर्वी एक पोतं लागायचं तिथे आता तीन. याचा अर्थ स्पष्ट आहे : मिठात दम नाही.

फोन केला. “तुमच्या मिठात भेसळ आहे.”

“साहेब, मिठात भेसळ कशाची करणार? सगळ्यात स्वस्त तेच आहे.”

“ते मला सांगू नका. हजारात पस्तीस यायला हवं, येत नाही.”

“माझं मीठ आणखी सहा ठिकाणी जातं. तिथे बरं येतं?”

“त्यांच्याकडे मीटर नसेल,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे उत्तर मला नंतर जिना उतरताना नाही, जागेवरच सुचलं. अशी वेळ क्वचित येते.

२६ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्यासारखा गेला. तुलनेचा गाभा सापडला.

माझ्या टेबलावर बाईसाहेबांच्या अंड्याचं वाळलेलं कवच आहे. नर नसतानाही त्या अधूनमधून अंडी घालतात, रिकामी. तळहाताएवढी तपकिरी पिशवी, चामड्यासारखी, कडेला केसांचा झुपका. ही दुपारी डबा घेऊन आली आणि तिने ओंजळीतून नीलमोहराची सुकी शेंग तिच्याशेजारी ठेवली. तीही तळहाताएवढी, तपकिरी, चपटी. लांबून बघितलं तर सख्ख्या बहिणी.

“डोळे मिटा,” ती म्हणाली आणि एक वस्तू माझ्या हातात दिली. “सांगा.”

“झाड.”

“मुशी!” ती टाळ्या पिटून हसली. “मीटर बिघडला!”

मग मी तिला ज्ञानकोशातली गोष्ट सांगितली. झाडाचं वय बुंध्यातल्या वलयांवरून कळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शार्कच्या मणक्यातही तशीच वलयं असतात, आणि तीही मोजतात.

“मग आपल्या या दोघांचं वय किती?”

“ते कापल्याशिवाय कळत नाही.”

“दोघांचंही?”

“दोघांचंही.”

तिने शेंग उचलून परत ओंजळीत घेतली. “मग नको कळायला,” म्हणाली, आणि गेली. डबा तिथेच राहिला. उघडला तर आत मिठाची पुडी वेगळी बांधून दिलेली. बाईमाणूस विचारी आहे.

२ नोव्हेंबर

सिद्ध केलं!

अभियंता नुसतं म्हणाले होते, मी पुरावा दिला. तो असा. टाकीतलं पाणी दोन वाटांनी कमी होऊ शकतं : एक तर हवेत उडून, नाहीतर दुसरीकडे जाऊन. हवेत उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागे राहतं, आणि खारटपणा वाढतो. आमच्याकडे तो वाढत नाही. म्हणजे पाणी उडत नाहीये. नळ्यांचे सांधे मी सगळे तपासले. प्रत्येकाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ठेवला, एकही ओला झाला नाही. मग उरलं कोण? झाड. मुळं भिंतीतून आत शिरलीत आणि पाणी पीत आहेत.

व्यवस्थापकांना सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. “मीटर, हे कॉलेजात शिकवायला हवं!” मी म्हटलं, नववीतही शिकवत नाहीत.

फक्त एक गोष्ट आहे. हा पुरावा टिपणात गेला की झाड जाणार. पण मी तराजू आहे, आणि तराजूने हळवं व्हायचं नसतं. हिला अजून सांगितलेलं नाही. पूर्ण टिपण एकदमच वाचून दाखवीन. भाषा चांगली जमली आहे.

५ नोव्हेंबर

समितीच्या अध्यक्षबाई येऊन गेल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघतात. मी ओठ मिटूनच उत्तरं दिली.

बाईसाहेब काचेजवळून गेल्या तेव्हा मी सांगितलं, “शार्कची कातडी म्हणजे लाखो बारीक दात असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर कानशीसारखी.”

“अंगभर दात?” बाईंचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. “आणि तोंडातले?”

“पडले की नवे येतात. जन्मभर.”

“म्हणजे आमचा धंदा बसला.” मग त्या अंगणात गेल्या. ही झाडाशी होती. त्यांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही. पंपाचा आवाज होता. परत येताना बाईंनी मला विचारलं, “तुम्ही स्वतः कोणाच्या बाजूने?”

“तराजू कोणाच्या बाजूचा असतो?”

“आणि घरी?” त्यांनी विचारलं.

प्रश्न तुलनेच्या कक्षेबाहेरचा होता.

९ नोव्हेंबर

टिपण हिला वाचून दाखवलं. आठ पानं. ठिपके आणि फुलं, अंडं आणि शेंग, वलयं, सगळं. ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होती. शेंगेच्या जागी हसली. शेवटचा पुरावा आला तेव्हा मी जरा भरभर वाचलं.

ती म्हणाली, “छान लिहिलंय. एक विचारू?”

“विचार.”

“पाणी झाडाने प्यायलं. मीठ कुठे गेलं?”

“पाण्याबरोबर.”

“झाडाच्या पोटात?”

“मग काय.”

“अहो, तीन-तीन पोती मीठ पिऊन उभं राहणारं झाड तुमच्या त्या ज्ञानकोशात कुठे आहे का? बघा जरा. शेवटच्या खंडात असेल.”

मी वही मिटली. शास्त्राचं काम असं भावनेच्या भरात होत नसतं, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “हो ना,” आणि पाणी बंद करायला उठली. जेवण अळणी होतं. मी बोललो नाही.

१० नोव्हेंबर

आज लिहिण्यासारखं काही नाही.

११ नोव्हेंबर

ही बाजारात गेली होती. मी अंगणात गेलो, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं, आणि भिंतीकडच्या बाजूची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली.

माझी जीभ खारवलेली असेल. पण इतकीही नाही.

मग उपकरणं आणली. ती माती स्वच्छ पाण्यात कालवून, गाळून मोजली. झाडाच्या दुसऱ्या बाजूचीही घेतली, नाहीतर तुलना कसली? दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही. भिंतीच्या बाजूला समुद्र.

मीठ सापडलं.

मुळाशेजारचा गिलावा हळूच उकरला. मूळ भिंतीत शिरलेलं नाही. उलट ते भिंतीपासून वळून दूर गेलंय, आणि वळणाच्या तिथे त्याची साल काळी पडून सुटली आहे. वरच्या बाजूला गिलाव्यावर पांढरी बुरशी दिसली. नख लावून चाखली. बुरशी नव्हती.

वळणाच्या बरोबर मागे, भिंतीच्या आतल्या अंगाला, गुहा आहे.

१२ नोव्हेंबर

पिचकारीत खायचा लाल रंग भरला आणि टाकीत उतरलो. गुहेच्या एकेका बोल्टपाशी थेंब थेंब रंग सोडायचा आणि थांबायचं. जिथे पाणी बाहेर ओढलं जात असेल तिथे रंगही ओढला जातो. बाईसाहेब तळाशी पडून बघत होत्या. पहिला बोल्ट, रंग तरंगत राहिला. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्यापाशी रंगाची बारीक दोरी झाली आणि सरळ भिंतीत शिरली. जणू कोणी पलीकडून ओढत होतं. पाच ते बारा तपासण्याची गरज नव्हती, पण तपासले. नवव्यापाशीही तशीच दोरी भिंतीत शिरली.

संध्याकाळी हिला सांगितलं. खांद्यावर टॉवेल टाकून, ओले कपडेसुद्धा न बदलता.

“मुळांनी भिंत फोडली नाही,” मी म्हटलं. “टाकी झाडावर गळते आहे. जूनपासून.”

“हं.”

“हं म्हणजे? तुला माहीत होतं?”

“जुलैपासून. पहिल्यांदा माती चाखली तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. तुम्हीच चाखा म्हटलं. तुम्ही म्हणालात उपकरणं आहेत.” तिने टॉवेल ओढून घेतला आणि माझं डोकं पुसायला लागली, जरा जोरातच. “आणि ती गुहा तुम्ही कशी बनवलीत ते मी बघितलंय हो. रोज घरी येऊन सिमेंटचे हात दाखवायचात. मला वाटलं, माणूस मोजणारा आहे, मोजत मोजत पोचेल आपला. तोवर मी पाणी घालते आहे.”

रोज, सकाळ-संध्याकाळ, नेमकी भिंतीच्या बाजूला. माती धुवायला.

टिपणात मी लिहिलंय : झाडाला पाणी फार लागतं.

१३ नोव्हेंबर

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. अभियंत्याला सापडलं नाही, व्यवस्थापकांना सापडलं नाही. दोष शोधून काढला तो मी, माझ्या पद्धतीने, बारा बोल्टपैकी नेमके दोन. अशी तपासणी या गावात दुसरा कोणी करून दाखवू दे.

ही म्हणाली, “आणि गुहाही दुसऱ्या कोणाला बसवता आली नसती.” काय म्हणायचं होतं ते कळलं, पण वाक्य म्हणून ते खरं आहे.

मीठवाल्याला फोन केला. माफी मागायची होती, ती मागितली. तो म्हणाला, “चला, खाल्ल्या मिठाला जागलात म्हणायचं!” आणि एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

२२ नोव्हेंबर

समिती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, टोकाला व्यवस्थापक माझा पुरावा ऐकायला सावरून बसलेले. ते सगळ्यांना आधीच सांगून बसले होते की मीटरने सिद्ध केलंय. ही मागे दाराशी उभी. मी टिपण बदललं आहे हे तिला ठाऊक होतं. काय बदललंय ते नव्हतं.

मी उभं राहून वाचलं. घसा साफ होता. अंडं-शेंगेच्या ठिकाणी दोन्ही वस्तू टेबलावर फिरवल्या, आणि झाडवाल्यांनी अंडं, माशावाल्यांनी शेंग आपली म्हणून ठेवून घेतली. मग शेवटचं पान :

“साम्य आणखी एक आहे. या दोघांपैकी कोणालाही माझी गुहा नको होती. शार्क तिच्यात कधी गेली नाही. झाडाने आपलं मूळ तिच्यापासून वळवून घेतलं. दोघांनीही पाच महिने तक्रार केली, एकीने अंग घासून आणि एकाने पानं करपवून. मी दोन्ही तक्रारी टिपून ठेवल्या आहेत, पान एक आणि पान तीन. फक्त त्या तक्रारी आहेत हे मला उशिरा समजलं. भिंत मुळांनी फोडलेली नाही. ती मी बोल्टने भोसकली आहे. चौथा आणि नववा.”

व्यवस्थापकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. एक माशावाले म्हणाले, “म्हणजे हे सगळं यांनीच केलं आणि तुलनाही यांनीच लिहिली?”

“होय,” मी म्हटलं. “आणि दोन्ही पक्की केलीत.”

अध्यक्षबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं रागावल्या. त्यांचे खांदे हलत होते. “अहो, आमच्याकडे रोज हेच असतं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पेशंट म्हणतो, शेजारचा दात काढून टाका, तोच दुखतोय. आणि बघावं तर आधी कोणीतरी हौसेने भरलेलं फिलिंग गळत असतं.” मग गंभीर झाल्या. “फिलिंग काढता येईल?”

“मी बसवलंय, मीच काढीन.”

“आणि झाड? ती बाजू जगेल?”

मी मागे वळून हिच्याकडे बघितलं. सगळी समिती वळली.

“मीठ धुऊन निघालं तर,” ही म्हणाली. “मे महिन्यापर्यंत बघू. तोवर नाही फुटलं तर ती बाजू सुकली असं समजायचं. आणि अर्धं झाड उभं ठेवता येत नाही, ते एका बाजूला कलतं.”

ठरलं : दोघंही राहतील. झाड मेपर्यंत.

घरी येताना ती म्हणाली, “पान एक आणि पान तीन, हे चांगलं लिहिलंत.” मी म्हटलं, आठही पानं चांगली आहेत.

९ डिसेंबर

गुहा काढली. चौघांना उचलावी लागली. सांगितलं होतं मी, पक्की होती. बाईसाहेबांना आठवडाभर बाजूच्या टाकीत ठेवलं, भोकं भरली, अस्तर नव्याने चढवलं, पाणी भरून पातळीवर खूण केली. खूण हलली नाही.

आज बाईसाहेब परत आल्या. एक फेरी मारली, आणि गुहा होती बरोबर तिथे, मोकळ्या कोपऱ्यात, तोंड प्रवाहाकडे करून पडून राहिल्या.

जागा मी बरोबर निवडली होती.

१७ जानेवारी

झाडासाठी एक व्यवस्था तयार केली. भोकं पाडलेली नळी मुळांच्या वरून अर्धगोल फिरवली आहे, पाणी हळूहळू झिरपतं आणि मीठ खाली घेऊन जातं. पुढे चर खणलाय, त्यात निघालेलं पाणी मी मोजतो. आकडा उतरतोय. हिला नळी धरून उभं राहावं लागत नाही. तिने नळी तपासली, एका ठिकाणी पायाने सरकवली, आणि म्हणाली, “ठीक.” ती जागा मी अशीही सरकवणार होतो.

गुहा अंगणात पडून आहे.

२० फेब्रुवारी

पानं गळाली. आता दोन्ही बाजू सारख्याच उघड्या. कुठली जिवंत, कुठली नाही, कळायला काही मार्ग नाही. मी नखाने साल खरवडून बघावी म्हणून हात पुढे केला तर हिने हातावर चापट मारली.

“आतून हिरवं आहे का बघतो.”

“कापल्याशिवाय कळत नाही ना? मग राहू दे.”

११ एप्रिल

फुललं. दूरच्या बाजूला, नुसती निळाई. लोक मत्स्यालयात शिरायच्या आधी अंगणात थांबतात, मान वर करून. भिंतीच्या बाजूच्या फांद्या काळ्या, कोऱ्या. मधोमध रेघ मारल्यासारखं.

ही फुलांकडे बघत नाही. कोऱ्या बाजूला उभी राहते, वर बघते, आणि निघून जाते. अभियंता सहज म्हणून आले आणि म्हणाले, “अर्धं तर आहे.” मी त्यांना पंपघर दाखवायला नेलं आणि मुद्दाम सगळ्यात ओल्या कोपऱ्यातून नेलं.

चराच्या पाण्याचा आकडा आता दुसऱ्या बाजूइतकाच आहे. माझ्या बाजूने काम संपलं. पण झाडाला आकडा वाचता येत नाही.

२४ एप्रिल

मांजर गुहेत व्याली. तीन पिल्लं. शेवटी राहायला कोणीतरी आलंच. मी म्हणतच होतो, वेळ लागतो.

३ मे

सकाळी पंपघरात होतो. हिने अंगणातून हाक मारली. नुसतं “अहो!” पण त्या ‘अहो’ची पट्टी वेगळी होती, मी हातातला पाना टाकून धावलो.

भिंतीकडच्या सगळ्यात खालच्या फांदीच्या टोकाला पिसासारखी पानं फुटली होती, कोवळी, अजून नीट उलगडलेली नाहीत. शेंडे हिरवे. वरच्या फांदीवरही. त्याच्या वरच्याही. आणि एका जागी, सगळ्या मोसमाला उशीर करून, चार-दोन निळी फुलं.

मी मोजमापाची नळी काढायला खिशात हात घातला. “थांबा,” ती म्हणाली. खाली वाकली. माझी भोकांची नळी जिथे संपते तिथे, भिंतीच्या अगदी पायाशी, बोट खुपसलं, चिमूटभर माती काढली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा, अध्यक्षबाई बघतात तसा.

“काय लागलं?”

तिने सावकाश डोळे उघडले.

“अळणी,” ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्याही कामाला एवढी मोठी शाबासकी तिने आजवर दिली नव्हती.